फरशीखालची फरशी





उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात प्लायवूडच्या सहा शीट भिंतीला टेकून उभ्या होत्या. प्रवेशासाठी आलेल्या पालकांपैकी बऱ्याच जणांनी विचारले, "स्टेज बांधताय का?" विश्वस्त मंडळाच्या बैठकीत तर एका ज्येष्ठ विश्वस्तांनी सरळच विचारले, "जी फरशी सतरंजीखाली झाकली जाणार, जी कुणाला दिसणारही नाही, तिच्यावर एवढा खर्च कशाला?" प्रश्न योग्य होता. संस्थेचा पैसा हा समाजाचा पैसा आहे आणि त्याचा हिशेब देणे आमचे कर्तव्य आहे. म्हणून यंदाच्या अंकात हा हिशेब, रुपयांचा थोडा आणि विचारांचा जास्त, आपल्यासमोर ठेवीत आहोत.

शाळेच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीला लागून पत्र्याची शेड आहे, हे माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. कधी तिथे सायकली असत, कधी स्नेहसंमेलनाचे पडदे, पुढे पुढे मोडकी बाके. खाली शहाबादी फरशी. उन्हाळ्यात ती छान थंड असते, पण जुलै ते ऑक्टोबर तिला जणू घाम फुटतो. सांध्यांतून ओल वर येते. तिथे ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे बूड आठवड्याभरात मऊ पडते.

यात फरशीचा दोष नाही. आपल्या वस्तीचे नावच पाहा. तेलुगूत 'नल्ल' म्हणजे काळे आणि 'कुंटा' म्हणजे लहान तळे. तळ्याचे नाव घेऊन वसलेल्या जागेत पाणी आपला जुना पत्ता विसरत नाही. हुसेनसागराचे जादा पाणी मुसीकडे नेणारा नाला याच भागातून जातो. १३ ऑक्टोबर २०२० रोजी हैदराबादेत चोवीस तासांत सुमारे १९ सेंटिमीटर पाऊस झाला, तेव्हा या परिसरातल्या घराघरांत पाणी शिरले होते. ती रात्र इथले पालक विसरलेले नाहीत.

त्याही आधीची गोष्ट मुलांना इतिहासाच्या तासाला सांगतो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात अनेक वर्षे काम केलेल्या या अभियंत्याने शहर सजवण्याआधी वरच्या अंगाला पाणी कुठे अडवायचे याचा विचार केला. त्यातून उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. आमचे काम त्या मानाने नखाएवढे. पण क्रम तोच. आधी पाण्याचा बंदोबस्त, मग बाकी सगळे.

आता ही शेड हवी कशाला, हे सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि आपण इथेच राहिलो. २०१८ साली तेलंगणा शासनाने सर्व शाळांत तेलुगू सक्तीची करणारा कायदा केला. आम्ही त्याचे स्वागतच केले. ज्या मातीत राहायचे त्या मातीची भाषा मुलांना आलीच पाहिजे. परंतु आठवड्याचे तास काही वाढत नाहीत. वेळापत्रक नव्याने बसवताना मराठीचे निम्मे तास शाळा सुटल्यावर आणि शनिवारी गेले. त्या वेळी वर्ग रिकामे नसतात. कुठे संगणकाचा वर्ग, कुठे दहावीचा जादा तास. मराठीची तीस-पस्तीस मुले कधी प्रयोगशाळेत, कधी जिन्याखाली, कधी व्हरांड्यात बसत. बाई पुस्तकांची पिशवी घेऊन रिकामी खोली शोधत फिरत.

पालकसभेत एका आईने विचारले, "ज्या विषयाला बसायला जागा नाही, तो विषय मुलाने मनावर का घ्यावा?" तिच्या मुलाला ती मराठीतून काढण्याच्या विचारात होती. आणखी दोन-तीन घरांतही तोच विचार चालू असल्याचे आमच्या कानावर होते. समाजाची शाळा आणि त्यात समाजाची भाषा पाहुणी, हे आम्हालाही पटण्यासारखे नव्हते. मराठीला तिची हक्काची खोली द्यायची, असे त्या दिवशी ठरले. जुन्या ग्रंथालयाची मराठी पुस्तकेही तिथेच आणायची होती. पण ओल्या जमिनीवर ना मुले बसवता येतात, ना पुस्तके ठेवता येतात.

तीन मार्ग समोर होते. पहिला, शहाबादी उखडून खाली खडीचा थर, काँक्रीट आणि वर टाइल्स. काम पक्के, पण खर्च तिप्पट, आणि सुट्टीत पुरे होण्याची खात्री नाही. दुसरा, आहे त्याच फरशीवर नुसत्या टाइल्स चिकटवायच्या. दिसायला उत्तम, पण ओल खालून येतच राहणार आणि थंडीत पोरांना गार फरशीवर बसावे लागणार. तिसरा मार्ग, जुन्या फरशीला हात न लावता तिच्यावर लाकडी पट्ट्या टाकून प्लायवूडची उंच, कोरडी फरशी करायची. अमेरिकेत नोकरीला असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने फोनवर सांगितले की तिकडे घराच्या मागच्या शेडला सर्रास अशीच फरशी करतात आणि तिला सबफ्लोअर म्हणतात, म्हणजे फरशीखालची फरशी. तिच्यावर मग हवे ते अंथरा. विश्वस्त मंडळाने तिसऱ्या मार्गाला संमती दिली, एका अटीवर: काम मुलांसमोर व्हावे आणि मुलांनी त्यातून काही शिकावे. आठवी-नववीची बारा मुले-मुली सुट्टी असूनही रोज सकाळी येत राहिली.

आमचे सुतारकाका मूळचे आदिलाबादकडचे. तेलुगूत लोक त्यांना 'वड्रंगी' म्हणतात, हिंदीत 'मिस्त्री', आणि मुलांशी ते मराठीत बोलतात. पहिल्याच दिवशी त्यांनी फरशीची गोष्टच काढली नाही. म्हणाले, "आधी वर बघा, मग बाहेर बघा, मग खाली." वर पत्र्याला दोन ठिकाणी भोके होती, ती बुजवली. बाहेर टाकीचे सांडलेले पाणी शेडच्या भिंतीशी साचत होते, तिथे उताराची नाली केली. चार दिवस यातच गेले. मुले कंटाळली. पण वरून आणि बाजूने पाणी येत असेल तर खालची कोणतीही फरशी टिकत नाही, ही पहिली शिकवण त्यांना मिळाली.

मग प्लायवूडची पारख. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून प्लायवूड होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण प्रत्येक पापुद्र्याचे रेषे खालच्या पापुद्र्याच्या रेषांना काटकोनात ठेवतात आणि पापुद्र्यांची संख्या बहुधा विषम असते, हे मुलांनी कडा मोजून पाहिले. साधी फळी रेषांच्या दिशेने चिरते, ओलीने फुगते आणि वाकते. आडवे-उभे पापुद्रे एकमेकांना धरून ठेवतात म्हणून प्लायवूड सहसा चिरत नाही.

खरी मेख मात्र चिकटवणाऱ्या रसायनात असते. साध्या घरगुती प्रतीत युरिया फॉर्माल्डिहाइडचा चिकट पदार्थ असतो. तो दमट हवा सोसतो, पण सतत ओल सोसत नाही. पाणी सोसणाऱ्या प्रतीत फिनॉल फॉर्माल्डिहाइड वापरतात. भारतीय मानक आय.एस. ३०३ हे सर्वसाधारण प्लायवूडसाठी आहे आणि आय.एस. ७१० हे मरीन प्लायवूडसाठी. मरीन प्रतीचा नमुना ७२ तास पाण्यात उकळून तपासतात. पहिल्या खेपेला एका दुकानातून आलेल्या मालावर 'वॉटरप्रूफ' असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते, मानक क्रमांक मात्र कुठेच नव्हता. विज्ञानाच्या सरांनी त्याचा एक तुकडा आणि आय.एस. ७१० चा शिक्का असलेला एक तुकडा प्रयोगशाळेत एकाच पातेल्यात उकळायला ठेवला. दुपारपर्यंत पहिल्याचे पापुद्रे पोळीचे पदर सुटावेत तसे सुटले. दुसरा जसाच्या तसा. दुकानदाराने तो तुकडा पाहून माल मुकाट्याने परत घेतला. मोठ्या अक्षरांपेक्षा छोटा शिक्का वाचावा, हे त्या बारा मुलांना आता आयुष्यभर सांगावे लागणार नाही.

नववीच्या एका मुलीने विचारले, "लाकूड वापरले म्हणजे झाड तोडले ना?" तिचा प्रश्न आम्हाला आवडला. एकेकाळी आपल्या देशात प्लायवूडचे मोठे काम आसामात, चहाच्या पेट्यांसाठी चाले आणि त्याला जंगलातले लाकूड लागे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घालणारा आदेश दिला आणि ईशान्येतील बरेच प्लायवूड कारखाने बंद पडले. त्यानंतर हा धंदा हरियाणातील यमुनानगरसारख्या ठिकाणी वाढला. तिथे शेतकऱ्यांनी बांधावर आणि शेतात लावलेले पॉप्लर आणि निलगिरी वापरतात. ही झाडे थोड्या वर्षांत तोडणीला येतात आणि शेतकरी पुन्हा लावतो. तरीही लाकूड हे लाकूडच. ते वाया जाऊ नये म्हणून नीट मोजून कापायचे, असे त्या मुलीनेच इतरांना बजावले.

मोजणी हे सर्वांत मजेचे काम झाले. शेड आतून १६ फूट लांब आणि १२ फूट रुंद, वर दोन्ही दिशांना एकेक इंच जास्त. प्लायवूडची शीट ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे ३२ चौरस फूट. १६ गुणिले १२ म्हणजे १९२, भागिले ३२, बरोबर ६ शीट. लाकडी पट्ट्यांमध्ये १६ इंचांचे अंतर का, याचेही उत्तर मुलांनी काढले. शीटची लांबी ९६ इंच आणि ९६ ला १६ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे शीटचे टोक नेहमी पट्टीवरच येते, हवेत लोंबकळत नाही. अशा तेरा पट्ट्या लागल्या. भागाकार कशासाठी शिकायचा, हा प्रश्न त्या दिवसापुरता तरी मिटला.

सुतारकाकांनी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन कोपऱ्यांत धरायला लावली. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर थांबते. शेडचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा पाऊण इंच खाली निघाला. डोळ्यांना तो कधीच दिसला नव्हता. आधी शहाबादीवर जाड काळे प्लास्टिक अंथरले, जोडावर सहा इंच एकावर एक चढवून. वाळवीच्या बंदोबस्ताचे काम माहीतगार माणसाकडून करून घेतले, तेव्हा मुलांना दूर ठेवले होते. मग सालाच्या लाकडाच्या, तीन इंच रुंद आणि दोन इंच उंच पट्ट्या टाकल्या. खाली जिथे कमी पडत होते तिथे पाचरी देऊन सगळ्या पट्ट्या एका पातळीत आणल्या. पाचरींमुळे पट्ट्यांखालून हवाही खेळते. ती आत-बाहेर व्हावी म्हणून भिंतींत खाली जाळीची छिद्रे ठेवली.

शीटच्या कडा सर्वांत आधी पाणी पितात. म्हणून बसवण्यापूर्वी खालच्या अंगाला आणि सर्व कडांना मुलांनी प्रायमरचे दोन हात दिले. शीट पट्ट्यांना आडव्या बसवल्या. मधल्या ओळीत एका शीटचे दोन अर्धे करून दोन टोकांना लावले, म्हणजे सांधे एका रेषेत येत नाहीत. भिंत बांधताना विटांचे सांधे टाळतात, तसेच हे. लांब कडांखाली पट्ट्यांच्या मध्ये लाकडी ठोकळे दिले. दोन शीटमध्ये ३ मिलिमीटरची फट आणि भिंतीशी सुमारे १० मिलिमीटरची जागा सोडली. एका मुलाने विचारले, "काका, फट राहिली, काम कच्चे नाही का?" काका म्हणाले, "पावसाळ्यात लाकूड श्वास घेतं बाळा. जागा नाही ठेवली तर ते स्वतःच उठून जागा करतं." टोकांना सहा-सहा इंचांवर आणि मध्ये फूट-फुटावर स्क्रू मारले. यंत्र काकांच्या हातात, आणि खुणा करायचे काम मुलांचे. जमीन तीन इंचांवर उंच झाली म्हणून दाराचे बूड कापावे लागले. नव्या प्लायवूडचा वास आणि त्यातले वायू निघून जावेत यासाठी पुढे पंधरा दिवस दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या.

सामान आणि मजुरी मिळून पंचेचाळीस हजारांच्या आत काम झाले. पावत्या कार्यालयात पाहावयास ठेवल्या आहेत.

ज्येष्ठ विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. ही फरशी कुणाला दिसणार नाही हे खरे. तिच्यावर सतरंजी आहे, सतरंजीवर मुले आहेत, मुलांच्या हातात पुस्तके आहेत. पाहुणे आले की तेच पाहतील आणि तसेच व्हावे. पण ओल वर येऊ लागली की सर्वांना दिसेल. घरातल्या भाषेचेही असेच आहे. ती गुणपत्रिकेत फार जागा घेत नाही, नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारत नाही. पण आजी काय बोलते ते नातवाला कळेनासे झाले की ती ओल घरभर पसरते, आणि तेव्हा वरून कितीही चांगल्या टाइल्स लावल्या तरी उपयोग होत नाही.

काही पालकांना वाटते की मराठी ठेवली तर तेलुगू, हिंदी, इंग्रजी मागे पडतील. त्यांना आम्ही स्वतःचे उदाहरण देतो. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदी महाविद्यालय याच नल्लकुंट्यात आहे, आणि हिंदीने आम्हाला पोटापाण्याला लावले. बाजारात आम्ही तेलुगू आणि दखनी बोलत वाढलो. कार्यालयात इंग्रजीशिवाय चालत नाही. घरी मराठी. या भाषा एकमेकींच्या आड कधी आल्या नाहीत. प्लायवूडच्या पापुद्र्यांसारख्या त्या वेगवेगळ्या दिशांनी बसल्या आणि एकीने दुसरीला धरून ठेवले. एकच भाषा असलेली फळी जपून वापरावी लागते. हैदराबादचे मराठी मूल मात्र चार थरांचे असते, आणि ते त्याचे भाग्य आहे. अट एकच, खालचा थर ओला राहता कामा नये.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. फरशी घातली म्हणजे मराठी टिकली, असे आम्ही मानत नाही. २०२० सारखा पाऊस पुन्हा आला तर तीन इंचांची उंची पुरणार नाही. म्हणून पुस्तकांची कपाटे भिंतीला वर टांगली आहेत. फरशीच्या एका कोपऱ्यात फूटभर चौकोनी झाकण ठेवले आहे. दर शनिवारी नववीचे दोन विद्यार्थी ते उघडून आत बॅटरीने पाहतात आणि ओल आहे का, वाळवीची माती दिसते का, ते वहीत लिहितात. नीट घातलेली फरशीसुद्धा न पाहता सोडली की कुजू शकते. भाषेलाही असे शनिवारचे झाकण लागते, आणि ते घरात असते. जेवताना मुलाशी दहा मिनिटे मराठीत बोलणे, आजोबांना पत्र लिहायला लावणे, एवढे पुरे. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण नल्लकुंट्यात तरी समजावून सांगायला नको.

१२ जूनला शाळा उघडल्यापासून मराठीचे तास या खोलीत भरत आहेत. वर उल्लेख केलेल्या आईने मुलाला मराठीतच ठेवले आहे. तो झाकणाच्या वहीसाठी नाव देऊन गेला. त्याला सांगितले, नववीत ये, मग.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना चार विनंत्या. खोलीत चपला-बूट बाहेर काढावेत. फरशी ओल्या फडक्याने पुसू नये, कोरड्या झाडूने झाडावी. पाणी सांडले तर लगेच टिपून घ्यावे. आणि घरात वाचून झालेली मुलांची मराठी पुस्तके असतील तर ती शनिवारी सकाळी ९ ते ११ या वेळात आणून द्यावीत. दोन कपाटे अजून रिकामी आहेत.

सर्वांना नव्या शैक्षणिक वर्षाच्या शुभेच्छा.

आपले,
मुख्याध्यापक